बोनेटखाली कुणीच नाही!

अमेरिकेत गेलेले लोक नायगारा बघतात, टाइम्स स्क्वेअरला फोटो काढतात, लास व्हेगसला खिसा हलका करून येतात. आम्ही दोघं भावंडं मात्र केंटकीतल्या एका छोट्या शहरात गेलो. कशासाठी? तर एका गाडीचं इंजिन पुढून मागे कसं गेलं ते बघायला!

शनिवारची सकाळ. साडेसहा वाजता दादाने मला हलवून उठवलं आणि पायजम्यावरच पार्किंगमध्ये नेलं. तिथे एक लालभडक गाडी उभी होती. उभी कसली, उडी मारायच्या आधी बेडूक अंग आवळून बसतो ना, तशी बसली होती. कॉर्वेट. त्यातलीही आठवी पिढी, म्हणजे सी८.

"घेतलीस?" माझी झोप खाडकन उडाली.

"वेडी आहेस का? भाड्याची आहे. एका दिवसासाठी." मग आवाज बारीक करून, "तुझ्या वहिनीला आकडा सांगू नकोस."

(वहिनीला नाही सांगितला. तुम्हालाही नाही सांगत. त्या पैशांत माझं पुण्यातल्या शेअर्ड फ्लॅटचं एका महिन्याचं भाडं आरामात निघालं असतं, एवढंच सांगते.)

आम्ही एसटीच्या मेकॅनिकची पोरं. नवी गाडी दिसली की लोक तिच्याभोवती फिरतात, आम्ही आधी बोनेट उघडतो. हे बाबांनी लावलेलं वळण. म्हटलं, उघड. दादाने बटण दाबलं, बोनेट वर गेलं आणि आत... इंजिनच नाही! एक काळा प्लास्टिकचा टब. विमानात नेतो तेवढी एक केबिन बॅग आणि वर एक लॅपटॉपची बॅग मावेल, बस.

"अरे, बोनेटखाली कुणीच नाही!"

दादा हसला. मला हाताला धरून मागे घेऊन गेला. मागच्या काचेतून आत बघितलं तर ते तिथे होतं. ६.२ लिटरचं व्ही-८. शोकेसमध्ये चांदीची भांडी मांडावीत तसं काचेखाली मांडलेलं.

"हे पुढून इथे यायला किती वर्षं लागली माहितीय?" दादाने विचारलं. "जवळजवळ साठ. चल, आवर. ज्याने हट्ट धरला होता त्याला भेटून येऊ."

कितना देती है?

दादा नॅशव्हिलला राहतो. हॉस्पिटलांच्या बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. नऊ वर्षं झाली. पगार छान, घर छान, मुलगी चुरूचुरू इंग्लिश बोलते. ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे. भारतीयांची ती रांग म्हणजे आषाढीची पदस्पर्शाची रांग परवडली, तिथे निदान विठ्ठल कुठल्या दिशेला आहे ते तरी माहीत असतं! आणि तोपर्यंत व्हिसा असा, की ज्या कंपनीने आणलं तिचंच काम करायचं. बाजूला स्वतःचं काही सुरू करायचं नाही.

आणि आमच्या दादाला 'स्वतःचं काहीतरी'च करायचं होतं. कॉलेजपासून. जुन्या गाड्या आणायच्या, उघडायच्या, पुन्हा चालत्या करायच्या. नॅशव्हिलच्या घराच्या गॅरेजमध्ये भिंतीवर पान्यांचा अख्खा सेट साइझप्रमाणे टांगलेला आहे. खाली गाडी नाही. मुलीची सायकल आहे.

नॅशव्हिलपासून बाउलिंग ग्रीन उत्तरेला साधारण १०० किलोमीटर. इंटरस्टेट ६५ धरायचा आणि सरळ जायचं. तासाभरात टेनेसी संपून केंटकी लागतं. ऑक्टोबर असल्यामुळे झाडं पिवळी-तांबडी झाली होती, मध्येच तंबाखू वाळवायची काळी लाकडी कोठारं. केंटकीला 'ब्लूग्रास स्टेट' म्हणतात, पण गवत हिरवंच असतं. मी मुद्दाम बघितलं.

पण खरी मजा बाहेर नव्हती, पाठीमागे होती. आयुष्यभर आपण इंजिन पायांच्या पुढे ऐकलेलं असतं. इथे ते तुमच्या मानेमागे घुमतं. दादाने पॅडल दाबलं की आधी पाठ सीटमध्ये रुतते, मग आवाज कानामागून येतो, आणि पुढे बघावं तर रस्ता एकदम पायाशी! कारण पुढे लांबलचक बोनेटच नाही. आधीच्या मॉडेलपेक्षा ड्रायव्हर तब्बल साडेसोळा इंच पुढे सरकून बसलाय. चौकोनीकडे झुकणारं स्टिअरिंग आणि ड्रायव्हर-पॅसेंजरच्या मध्ये एसीच्या बटणांची लांबच लांब भिंत. मी भिंतीच्या अलीकडे, दादा पलीकडे. हॉस्टेलच्या खोलीत मध्ये कपाट लावून पार्टिशन करतात ना, सेम तसं.

"कितना देती है?" मी अस्सल भारतीय प्रश्न विचारला.

"हायवेला २७."

"क्काय?"

"माइल पर गॅलन गं! म्हणजे लिटरला साडेअकराच्या आसपास. निवांत चालवलं की आठातले चार सिलिंडर झोपतात."

अजून एक गंमत. खड्डा किंवा उंचवटा आला की बटण दाबायचं, तीनेक सेकंदांत गाडीचं नाक ४० मिलिमीटर वर उचललं जातं. वर ती जागा जीपीएसवर लक्षात ठेवून पुढच्या वेळी गाडी स्वतःच नाक उचलते. अशा १००० जागा लक्षात ठेवते म्हणे. पुण्यात आणली तर हजाराचा कोटा कोथरूडमध्येच संपेल!

खुर्चीचा प्रयोग

आता तुम्ही म्हणाल, इंजिन पुढे काय आणि मागे काय, गाडी पळते ना? मग एवढा आटापिटा कशाला? बरोबर आहे. मलाही नीट माहीत नव्हतं. दादाने जे सांगितलं ते तुम्ही सोमवारी ऑफिसमध्ये करून बघू शकता.

चाकांच्या खुर्चीत बसा. दोन्ही हातांत पाण्याची भरलेली एकेक बाटली घ्या, हात दोन्ही बाजूंना लांब करा आणि कलीगला खुर्ची फिरवायला सांगा. जड जाईल. आता बाटल्या छातीशी धरा आणि पुन्हा फिरवायला सांगा. गर्रकन फिराल! (बॉस बघत असेल तर हे टीम बिल्डिंग आहे म्हणून सांगा.) गाडीचंही हेच. सगळ्यात जड वस्तू इंजिन. ते एका टोकाला असेल तर वळणावर गाडी नाक वळवायला कुरकुरते. तेच वजन मध्याजवळ आणलं की गाडी मनात आल्याबरोबर वळते.

दुसरं कारण आपल्याला घाटात कळतं. ओल्या चढावर एकट्याची स्कूटर मागच्या चाकावर घसरते, पण मागे मैत्रीण बसली की चाक रस्ता धरतं. कॉर्वेटला ताकद मागची चाकं देतात. म्हणून वजन मागे हवं. सी८ मध्ये ते ढोबळमानाने पुढे ४० टक्के, मागे ६० टक्के आहे.

कॉर्वेटवाल्यांनी आधी बाकीचे सगळे उपाय करून बघितले होते. इंजिन पुढच्या चाकांच्या मागे ढकललं. १९९७ च्या मॉडेलमध्ये गिअरबॉक्स उचलून थेट मागच्या चाकांपाशी नेला. तोल साधला. पण पॉवर वाढतच गेली. सातव्या पिढीची झेडआर-१ ७५५ हॉर्सपॉवरची होती, आणि तिचं इंजिन एवढं उंच झालं की बोनेटला भोक पाडून वर काढावं लागलं! पुढे जागा संपली होती. आता एकच दिशा उरली होती. मागे.

झोरा नावाचा हट्टी माणूस

नॅशनल कॉर्वेट म्युझियम हायवेवरूनच दिसतं. पिवळाधमक शंकू आणि त्यातून तिरका बाहेर आलेला लाल सुळका. १९९४ मध्ये उघडलेलं. जवळच कॉर्वेटचा कारखाना. १९८१ पासून जगातली प्रत्येक नवी कॉर्वेट याच गावात जन्मते. नवी गाडी घेणारे कित्येक जण डीलरकडे न जाता डिलिव्हरी घ्यायला इथेच येतात. आम्ही गेलो तेव्हाही एक आजी-आजोबा स्वतःच्या नव्याकोऱ्या गाडीसमोर फोटो काढत होते. आपल्याकडे असते तर आजींनी नारळ फोडला असता.

शेव्हर्ले म्हटल्यावर आपल्याला आठवते ती बीट. तळेगावला बनायची. २०१७ च्या अखेरीस शेव्हर्लेने भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२० च्या डिसेंबरमध्ये तळेगावचं प्रॉडक्शनही थांबलं आणि तो प्लांट पुढे ह्युंदाईकडे गेला. त्याच शेव्हर्लेचं हे दुसरं टोक. १७ जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात पहिली कॉर्वेट लोकांसमोर आली. पहिल्या वर्षी फक्त ३०० गाड्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. फायबरग्लासची बॉडी. दिसायला स्वप्नसुंदरी, पण आत सहा सिलिंडरचं १५० हॉर्सपॉवरचं इंजिन आणि दोनच गिअर. म्हणजे पोस्टर सिनेमाचं आणि आत डॉक्युमेंटरी!

त्या हॉटेलात गाडी बघायला आलेल्या गर्दीत एक माणूस होता. झोरा आर्कस-डन्टोव्ह. १९०९ मध्ये ब्रसेल्समध्ये जन्म, आईवडील रशियन ज्यू, इंजिनीअरिंग बर्लिनला. नाझींनी युरोप गिळायला घेतला तेव्हा तो निसटून १९४० मध्ये अमेरिकेत आला. कॉर्वेट बघून तो फिदा झाला आणि आतलं इंजिन बघून हळहळला. त्याने कंपनीला पत्र लिहिलं. त्याच वर्षी मे महिन्यात तो जनरल मोटर्समध्ये कामाला लागला आणि डिसेंबरमध्ये त्याने साहेबांना एक मेमो पाठवला. विषय: तरुण मुलं, त्यांचं गाड्यांचं वेड आणि शेव्हर्ले. सारांश असा, की पोरांना आत्ता पकडलंत तर ती जन्मभर तुमची राहतील.

नोकरीला लागल्या लागल्या साहेबांना शहाणपण शिकवणारा हा माणूस मला तिथेच आवडला.

पुढे व्ही-८ आलं, फ्युएल इंजेक्शन आलं, कॉर्वेट खरीखुरी स्पोर्ट्सकार झाली. तिला जन्म दिला नसला तरी लोक झोराला 'कॉर्वेटचा बाप' म्हणायला लागले. पण त्याचं मन भरलं नव्हतं. १९५९ मध्ये ड्रायव्हरच्या मागे इंजिन असलेल्या कूपरने फॉर्म्युला वनचं जगज्जेतेपद मारलं होतं. झोराला कळलं, हेच पुढचं आहे. १९६० मध्ये त्याने सर्व्ह-१ नावाची प्रयोगाची गाडी केली, इंजिन ड्रायव्हरच्या मागे. १९६४ मध्ये सर्व्ह-२. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या ऑटो शोमध्ये एक्सपी-८८२. लोक वेडे झाले. त्यातूनच पुढे एरोव्हेट आली, १९८० साठी तिला हिरवा कंदीलही मिळाला होता. नंतर तो विझला.

दरवेळी उत्तर ठरलेलं. आहे ती गाडी विकली जातेय ना? मग खर्च कशाला? आत्ता नको. नंतर बघू.

१९७५ मध्ये झोरा रिटायर झाला. १९९६ मध्ये गेला. त्याच्या अस्थी याच म्युझियममध्ये ठेवल्या आहेत.

मागे इंजिन असलेली कॉर्वेट बाजारासाठी म्हणून जाहीर झाली १८ जुलै २०१९ ला, कॅलिफोर्नियात टस्टिनला, बलूनची विमानं ठेवायच्या एका जुन्या अवाढव्य हँगरमध्ये. किंमत साठ हजार डॉलरच्या आत, शून्य ते साठ मैल तीन सेकंदांच्या आत. मग संप, मग फेब्रुवारी २०२० मध्ये प्रॉडक्शन सुरू होतंय न होतंय तोच कोरोना. पण गाडी आली.

दादा त्याच्या फोटोपुढे बराच वेळ उभा होता. पांढरे केस, डोळ्यांत मिश्कीलपणा. मी फोटो काढायला फोन वर केला तर म्हणाला, "थांब जरा."

थांबले.

जमीन खचली तेव्हा

या म्युझियमची एक गोष्ट तुम्ही कदाचित बातम्यांत बघितली असेल. १२ फेब्रुवारी २०१४, पहाटे सहाच्या आत. त्या पिवळ्या शंकूखालची जमीन खचली आणि आठ कॉर्वेट धडाधड खाली गेल्या! माणूस कुणी नव्हतं, हे नशीब. हा सगळा भाग चुनखडीचा. पाणी आतून खडक खात राहतं, वर कुणाला पत्ता लागत नाही. जगातली सगळ्यात लांब गुहा, मॅमथ केव्ह, इथून अर्ध्या तासावर आहे, ती याच कारणाने.

आठपैकी तीन गाड्या दुरुस्त केल्या. त्यातली एक म्हणजे दहा लाखावी कॉर्वेट, १९९२ सालची. उरलेल्या पाच तशाच ठेवल्या. चेपलेल्या, फाटलेल्या, कापसासारख्या पिंजलेल्या. खड्डा बुजवलाय, पण तो कुठून कुठपर्यंत होता ते जमिनीवर आखून ठेवलंय. लोक त्या रेषेवर एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून फोटो काढतात. मीही काढला.

मला खरं सांगू का, चकचकीत गाड्यांपेक्षा या पाच जास्त लक्षात राहिल्या. वरून सगळं पॉलिश केलेलं, दिव्यांत चमकणारं, आणि खाली हळूहळू जमीन जातेय. दादाला म्हटलं तसं. तो म्हणाला, "तू लिहिणारी आहेस, तुला सगळ्यात काहीतरी दिसतं." पण नंतर पार्किंगपर्यंत गप्प होता.

'तो म्हातारा बघायला होता का?'

बाउलिंग ग्रीनमध्ये भूक लागली तर बर्गर खाऊ नका. नव्वदच्या दशकातल्या युद्धानंतर बोस्नियातले हजारो निर्वासित इथे येऊन स्थायिक झाले. त्यामुळे केंटकीच्या या गावात अप्रतिम बोस्नियन जेवण मिळतं. चेवापी म्हणजे बोटाएवढे कबाब, मऊ पोळीसारख्या जाड ब्रेडमध्ये, बाजूला कच्चा कांदा. वर तांब्याच्या छोट्या भांड्यातली कडक कॉफी. कांदा बघून मला घरी आल्यासारखं वाटलं.

तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल लावला. साताऱ्यात रात्र झाली होती, बाबा अंथरुणावर पडून टीव्ही बघत होते. दादाने त्यांना बाहेर नेऊन गाडी दाखवली. म्हणजे फोन नेला. आधी बोनेट, मग मागची काच.

"इंजिन मागं?" बाबा उठून बसले. "शिवनेरीसारखं?"

"नाही बाबा, व्होल्वोचं पार मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे असतं. हे सीट आणि अ‍ॅक्सलच्या मध्ये."

"मग ओम्नीसारखं म्हण. बूड भाजत असेल की!"

"नाही भाजत हो. मध्ये काच, इन्सुलेशन..."

"लाल डब्याला पुढंच बरं होतं," बाबा म्हणाले. "ड्रायव्हरला उष्णता लागायची, पण आवाजावरून कळायचं काय बिनसलंय ते. शिवनेरी आली तेव्हा वर्कशॉपमधली जुनी माणसं म्हणायची, ही काय एसटी आहे का? सहा महिन्यांत सगळी शिकली." मग जरा थांबून, "गिअर आहेत ना पण? हाताचे?"

दादाने मान हलवली. मॅन्युअल गिअर सी८ ला मिळतच नाही. आठ गिअरचा ड्युअल क्लच, बोटाने पॅडल ओढायचं. कॉर्वेटच्या जुन्या फॅन्सनी यावरूनही आरडाओरडा केला होता. इंजिन पुढे नाही, गिअरचा दांडा नाही, मग ही कॉर्वेट कशावरून? बाबांनी तेवढ्याच दुःखाने "अरेरे" म्हटलं. सातासमुद्रापलीकडच्या म्हाताऱ्यांचं आणि गोडोलीतल्या म्हाताऱ्याचं एकमत झालं.

मग मी त्यांना झोराची गोष्ट सांगितली. प्रयोग, नकार, पुन्हा प्रयोग, पुन्हा नकार. बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. आमच्या बाबांनी टीव्हीचा आवाज बंद करणं म्हणजे मोठी गोष्ट.

"आणि गाडी निघाली तेव्हा तो म्हातारा बघायला होता का?"

"नाही बाबा. तो ९६ लाच गेला."

"मग काय उपयोग?"

मी काहीतरी म्हणाले. की त्याचं नाव राहिलं, म्युझियममध्ये त्याचा फोटो आहे वगैरे. दादा मात्र काहीच बोलला नाही. टेबलावरची साखर बोटाने गोळा करत बसला.

इथे तुम्हाला एक सांगायला हवं. आमच्या बाबांनी नोकरीत असतानाच गोडोलीत एक गाळा घेतला होता. स्वतःचं गॅरेज काढायचं म्हणून. मग दादाचं इंजिनीअरिंग आलं. तेव्हा ते म्हणाले, नंतर बघू. मग माझं मास कॉम. मग दादाचं अमेरिकेचं तिकीट, मग आईचं ऑपरेशन. दरवेळी कारण खरंच होतं. रिटायर झाले तोवर गुडघे गेले होते, गाडीखाली झोपून काम करणं शक्य नव्हतं. त्या गाळ्यात आता मोबाइलच्या अ‍ॅक्सेसरीजचं दुकान आहे. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला येतं. बाबा त्या रस्त्याने फिरायला जात नाहीत.

परतीचा रस्ता

येताना सूर्य उजव्या हाताला होता. दादा सत्तर मैलांवर स्थिर, चार सिलिंडर झोपलेले. बटणांच्या भिंतीपलीकडून तो एकदम म्हणाला, "माझी रांगेतली तारीख यायला अजून किती वर्षं लागतील, मी काल पुन्हा हिशोब केला."

"मग?"

"कॅल्क्युलेटर बंद केला."

मी हसले. तो नाही हसला.

"लोक म्हणतात कार्ड आलं की मोकळा होशील. तेव्हा मी किती वर्षांचा असेन? बाबा किती?" मग बऱ्याच वेळाने, "पिल्लूची शाळा मे महिन्यात संपते. या वर्षाची. तुझ्या वहिनीशी बोललोय मी. ती म्हणते, मी कधीचं म्हणतेय."

मला खूप काही बोलायचं होतं. परत येऊन काय करणार, पगार किती कमी होईल, पिल्लूच्या शाळेचं काय, ट्रॅफिक, पाणी, खड्डे. आणि हेही, की झोराने तरी दुसरं काय केलं? नकार आला की पुन्हा नवी गाडी बनवली, वाट बघत नुसता बसला तर नाही ना. पण दादाला हे सगळं माझ्याआधीपासून माहीत असणार. मी एवढंच विचारलं, "पाने विमानात चालतात का रे?"

"चेक-इन बॅगेत." म्हणजे त्याने बघून ठेवलं होतं!

संध्याकाळी गाडी परत केली. किल्ली देताना दादाने बोनेटवर दोनदा थाप मारली. रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. मग तो मागे गेला आणि तिथेही एक थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर फॅमिली ग्रुपवर बाबांचा व्हॉइस मेसेज होता. बाबा टाइप करत नाहीत. आधी खोकले, मग म्हणाले, "मोबाइलवाल्याचा अकरा महिन्यांचा करार मार्चमध्ये संपतोय. रिन्यू करायचा का नाही ते मला फेब्रुवारीत सांगा. त्याला वेळेवर कळवायला पाहिजे." आणि जाता जाता, "ती गाडी चांगली आहे. पण लिफ्टवर घेतल्याशिवाय हात घालता येणार नाही."

दादाने तो मेसेज तीनदा ऐकला. मग गॅरेजमध्ये गेला आणि मुलीची सायकल बाहेर काढून ठेवली.

जायचंय? मग हे वाचा!

कसं जाल: नॅशव्हिलला विमानाने. तिथून इंटरस्टेट ६५ ने उत्तरेला सुमारे १०० किलोमीटर. एक्झिट २८. घड्याळ बदलायची गरज नाही, दोन्ही शहरांची वेळ एकच.

काय बघाल: कॉर्वेट म्युझियमला किमान अर्धा दिवस द्या. खचलेल्या जमिनीतल्या गाड्या चुकवू नका. हायवेच्या पलीकडे म्युझियमचाच रेस ट्रॅक आहे. कारखाना आतून बघायचा असेल तर सोय आहे का ते निघण्याआधी विचारून घ्या.

आणखी काय: मॅमथ केव्ह नॅशनल पार्क अर्ध्या तासावर. आजवर मोजलेली लांबी ६५० किलोमीटरच्या वर! गुहेत गारवा असतो, स्वेटर न्या.

काय खाल: बोस्नियन चेवापी आणि कॉफी. व्हेज असाल तर चीज किंवा पालक भरलेले पाय मागा.

टीप: बरोबर कुणाला तरी न्या. गाडीत दोनच सीट्स आहेत, त्यामुळे कुणाला न्यायचं ते नीट ठरवा.